डाव्या चाकाची नळी

नाही नाही, भराभर मारू नका ब्रेकचं पॅडल — एकदाच दाबा नि धरून ठेवा. आणि खालचा तो लाकडी ठोकळा राहू द्या. पार खालपर्यंत दाबलंत तर जुन्या सिलिंडरातलं रबर गंजावर घासतं नि कामातनं जातं — मर्ल सांगायचा, माझा नवरा, गेल्या हिवाळ्यात गेला तो. दाबलंत? मग तोंडानं म्हणा ना, ‘धरलंय’ म्हणून. इथं चाकापाशी बसून मला तुमचा पाय थोडाच दिसतोय? इतकी वर्षं तिथं मी बसायचे, नि तो इथं, या पिटुकल्या स्टुलावर. तो ‘दाब’ म्हणायचा, मी ‘धरलंय’. तो ‘सोड’, मी ‘सोडलंय’. अबोला असला तरी एवढं बोलावंच लागायचं — ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात, मिस्टर हाउगन. आमची निम्मी भांडणं त्यावरच मिटली.

सोडा आता. सोडलंत? मग बघा, चाक फिरतंय का? नाही. पाय काढला तरी ब्रेक आपला धरूनच बसलाय — गाडी डावीकडे ओढते ती त्यामुळं. आता हा स्क्रू जरासा ढिला करते... आलं तेल चुळकन, नि चाक मोकळं. म्हणजे दोष चाकात नाही, या रबरी नळीत आहे. वरून ठणठणीत, आतून सुजलेली. तेल जाऊ देते, परत येऊ देत नाही. आमच्या कर्टिससारखी — मुलगा माझा, फीनिक्सला असतो — त्याच्याकडं गेलेली वस्तू परत आलेली मी तरी पाहिली नाही. आता मलाही न्यायचं म्हणतोय. घर विक, गाडी विक, नि ये इकडं ऊन खायला. तुम्ही वाचून आलात ती गाडीची जाहिरातसुद्धा त्यानंच टाकली, मला न विचारता.

नवी नळी? आहे की, तिथं तुमच्या खिडकीपाशी, हात पुरेल त्या फळीवर, कॉफीच्या डब्यात. मर्ल बसवणार होता, पण... काय? तेलकट आहे? असेल, डब्यात काय काय — बरं बाई, बसवली होती त्यानं. मी काढली. जाहिरात आली तशी काढली नि ही जुनी परत लावली. म्हटलं, ब्रेक धड नसलेली गाडी कोण नेतंय? आधीचे दोघं गेलेही निमूट, त्यांना रविवारी मिरवायला हवी होती. तुम्ही मात्र बिघाड ऐकला नि बाह्याच सरसावल्यात. मीही येडीच, तुमच्यासारख्यांना बिघाड म्हणजे मुंगळ्याला गूळ. असल्याच माणसाशी जन्मभर संसार केला, नि एवढं कळू नये?

म्हणजे? ट्रेलर आणलाय? ब्रेक नसले तरी त्यावर चढवून नेणार... आजच?

नाही. थांबा, ऐका, सरळच सांगते. मला मर्लची फार आठवण येते, नि ती या गाडीपाशीच येते, घरात नाही येत. घरात नुसता शुकशुकाट असतो. तेव्हा घर खुशाल विकू दे कर्टिसला. गाडी नाही विकायची. त्याला काय सांगायचं ते माझं मी बघते.

उतरा आता. नळी ठेवा त्या बाकावर. आणि जाताना गॅरेजचं दार अर्धं ओढून घ्या, डोळ्यांवर ऊन येतंय माझ्या.