दिवटी विझवा म्हणाले

मंडळी, ऐका! आधी मला एक सांगा — पाहुण्याला आपणच आवतण दिलं, पाटावर बसवलं, अन् ताट वाढायच्या आधीच म्हटलं, उठा आता... चालेल का? नुसती मान नका हलवू, तोंडानं बोला! नाही ना? मग ऐका.

बोरवंडचा अंबादास पाचंगे. पिढीजात गोंधळी. कुणाच्याही घरी लग्न झालं की देवीचा गोंधळ घालावा तो यानंच. पण गावात टीव्ही आला, मालिका आल्या — आणि लग्नंसुद्धा मालिकेतल्यासारखी व्हायला लागली! नाचगाणी आली, झगमगाट आला. देवीचा गोंधळ तेवढा राहून गेला. हसू नका, तुमच्याकडंही तेच! अंबादासचं संबळ खुंटीला लागलं. त्याच्या जिवाला फार लागलं ते.

आणि नवल बघा — टीव्हीवाल्यांनीच त्याला बोलावलं! लोककलेचा कार्यक्रम, थेट प्रक्षेपण. अंबादासला वाटलं, एकदा टीव्हीत दिसलो की गाव पुन्हा दारी बोलावील. सरपंच तुळशीरामनं तर देवळापुढं पडदाच लावला.

स्टुडिओत अंबादासनं दिवटी पेटवली. संबळ घुमलं. गावोगावच्या देवीला नाव घेऊन हाक मारली, ये म्हणाला — आणि जाहिरात लागली! कार्यक्रमाच्या बाई धावत आल्या. म्हणाल्या, छान झालं काका, विझवा दिवटी, पुढचे कलाकार थांबलेत. ऐकलंत तर पुढच्या भागातही घेऊ.

अंबादास तरी कशाला आला होता? यासाठीच तर आला होता तो! तरी हात जोडून म्हणाला, "ताई, देवीला मी बोलावलंय. आरतीआधी तिला ऊठ कसं म्हणू?"

कॅमेरा फिरला. वरचे दिवे गेले. अंबादास कोपऱ्यात सरकला आणि दिवटीच्या उजेडात गोंधळ पुरा केला. आरती केली, मगच दिवटी शांत केली. वा रे पठ्ठ्या!

दुसऱ्या दिवशी मान खाली घालून एसटीतून उतरला. गावाला पडद्यावर जेमतेम हाक ऐकू आली होती, मग साबणाची जाहिरात! पारावर लोकांनी विचारलं, यानं झालं ते सांगितलं. तुळशीरामनं उठून त्याचा हात धरला.

मग म्हणाला, "अंबादासभाऊ, आमच्या पोराच्या लग्नाचा गोंधळ राहिलाय. आज देवीचा चौक मांडा. आरतीपर्यंत कुणी उठणार नाही."

त्या संध्याकाळी आख्खं गाव बसलं. एकाही घरात टीव्ही लागला नाही. पहिली हाक अंबादासनं मारली, आणि पुढची हाक गावानं मारली!

टीव्हीवर माझा राग नाही हो, माझ्याही घरी आहे. तुमची मालिका आत्ता सुरू झाली असेल, वेळ मलाही पाठ आहे! ज्याला उठायचं त्यानं खुशाल उठावं. मी थांबतो...

कुणीच नाही? मागच्या आजीसुद्धा नाहीत? ऊर भरून आला, मंडळी. घ्या टाळ हातात. आरती करूनच घरी जाऊ.