नाकागो आणि चिंचेचा कोळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सातासमुद्रापारच्या ओंगार मराठी मंडळाचे आधारस्तंभ आदरणीय नंदकुमार साहेब, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे, नावनहून खास आलेले श्री. डेक्लन, सत्कारमूर्ती पुरुषोत्तमराव, त्यांच्या सुविद्य पत्नी संध्याताई, आणि दीड वर्षाने एकमेकांना लॅपटॉपच्या चौकटीबाहेर, पायांसकट पाहणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना सुरेखाचा नमस्कार.

डेक्लन, माझी लेक अनुष्का तुमच्या शेजारी बसून भाषांतर करते आहे. तिचं मराठी ऐकण्यापुरतंच आहे, त्यामुळे तुम्हाला जे कळेल त्याला मी जबाबदार नाही.

पुरुषोत्तमराव पुढच्या आठवड्यात पुण्याला परत निघाले. मंडळाने मला सांगितलं, "सुरेखाताई, तुम्ही अकरा वर्षांच्या शेजारीण, त्यांच्या छंदाबद्दल बोला." आता शेजारणीला बोला म्हणायचं आणि वर पाच मिनिटं द्यायची, हा कुठला न्याय?

छंद सर्वांना ठाऊक आहेच. जपानी तलवारी. पुरुषोत्तमरावांनी "तलवार बघायला या" म्हटलं की आपण हौसेने जायचो. दारातच चहा काढून घेतला जायचा, कारण तलवारीच्या खोलीत चहा चालत नाही. मग एकच दिवा लावायचा, तलवारीला वाकून नमस्कार करायचा आणि तिच्यासमोर तोंड उघडायचं नाही, श्वासाची वाफ पोलादाला लागते. आमच्या ह्यांना तर एकदा शिंक आली म्हणून बाहेर अंगणात पाठवलं होतं. दोन तास पात्यावरची ती धुक्यासारखी रेघ बघायची आणि घरी येऊन जेवायचं. आणि इतकी धार जपणाऱ्या या माणसाच्या स्वयंपाकघरातली सुरी? ती कांदा कापत नाही, चेंगरते. संध्याताई, मान हलवू नका, मी स्वतः त्या सुरीने कोशिंबीर केली आहे.

पण थट्टा पुरे. त्यांच्याकडे एक आखूड तलवार आहे, तिच्याबद्दल मला बोलायचं आहे. मलिंगारजवळच्या एका जुन्या घरातल्या सामानाच्या लिलावात ती त्यांना मिळाली. तीनशे वर्षांची असावी, असा त्यांचा अंदाज. अंदाजच, कारण पुरावा मुठीच्या आत असतो. बांबूची बारीक खुंटी काढली की मूठ निघते, आणि आत पात्याचा जो भाग दडलेला असतो त्यावर कारागिराची सही असते. त्या भागाला जपानीत म्हणतात 'नाकागो'. त्यावरचा गंज कधीही, कधीही पुसायचा नाही. तो गंज म्हणजेच तलवारीचं वय. या तलवारीवर दोन अक्षरं होती, पहिलं झिजलेलं, दुसरं स्पष्ट. ती वाचता यावीत म्हणून हा माणूस ऑफिसातून दमून आल्यावर नऊ वर्षं जपानी शिकला. तलवार जपानला तज्ज्ञांकडे पाठवायची, त्यांच्याकडून कारागिराच्या नावाचा कागद आणायचा, एवढंच एक स्वप्न. पेटीसुद्धा बनवून घेतली होती. तेवढ्यात करोना आला आणि सगळंच थांबलं.

दोन हजार वीसच्या उन्हाळ्यात त्यांच्या घरातला पाइप फुटला. भिंती ओल्या, आणि ओल म्हणजे पोलादाचा काळ. तलवार आमच्याकडे आली. "हॉट प्रेसमध्ये, त्या गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, ठेवू नका हं, म्यान तडकेल," इथपासून ते महिन्यातून एकदा मूठ काढून तेल कसं लावायचं इथपर्यंत त्यांनी मला सगळं शिकवलं. मी वहीत लिहून घेतलं. लवंगेच्या वासाचं ते तेल बघून माझी आई म्हणाली, "तलवारीचे दात दुखतत काय गो?"

माझी आई, विजयालक्ष्मी. कुडाळहून तीन महिन्यांसाठी आली आणि विमानंच बंद झाल्यामुळे वर्षभर राहिली. तुम्हा सगळ्यांना तिने झूमवर सोलकढी शिकवली आहे.

आली खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी घरातलं प्रत्येक हत्यार घासूनपुसून पूजेला लावतात. घरात शस्त्र म्हणून विळी, स्क्रू ड्रायव्हर, ह्यांचा लॅपटॉप आणि खरीखुरी तलवार! आईला कोण आनंद. मागच्या नळापाशी ती चिंचेचा कोळ आणि मीठ घेऊन समया घासत बसली होती. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये. तेवढ्यात अनुष्का आत आली आणि शांतपणे म्हणाली, "ममा, आजी इज क्लीनिंग युअर मॅन्स सोर्ड." इथल्या इंग्रजीत 'युअर मॅन' म्हणजे 'ते अमुकतमुक', माझा नवरा नव्हे.

मी धावले. आईच्या मांडीवर तलवार, मूठ बाजूला काढलेली, अंगठ्याखाली चिंच. "एवढो गंज! पूजेक अशी ठेवतत काय गो?" आणि त्याच क्षणी कुंपणावर पुरुषोत्तमराव उगवले. नियम कडक होते, दुसऱ्याच्या अंगणात जायची बंदी, म्हणून हा कायद्याचा भक्त आपल्या बाजूला कचऱ्याच्या ब्राऊन बिनवर चढून, मास्क लावून उभा. पांढरा फटक. ओरडले फक्त, "नाकागो! नाकागो!"

आता मालवणीत 'नाका' म्हणजे नको आणि 'गो' म्हणजे गं. आईने ऐकलं, 'नाका गो!' तिचा हात जागच्या जागी थांबला. माझ्याकडे वळून कौतुकाने म्हणाली, "ह्यो पुण्याचो झील मालवणी कधी शिकलो?"

हसा, हसा. आम्हीही कितीतरी दिवस हसलो. त्या एका शब्दाने बाकीची तलवार वाचली. पण अंगठ्याएवढा भाग घासला गेला होता, आणि तो नेमका सहीच्या दुसऱ्या अक्षरावर. लख्ख. आई काळजीने विचारत होती, "काय चुकला काय रे?" शिंकेसाठी माणसाला अंगणात काढणारे हे गृहस्थ बिनवरून खाली बघत राहिले आणि म्हणाले, "नाही आई. छान झालंय."

त्या छान झाल्याची किंमत मला सहा महिन्यांनी संध्याताईंकडून कळली. घासलेल्या सहीवर कुणी तज्ज्ञ आता विश्वास ठेवणार नाही. पेटी रिकामीच राहिली. तलवार जपानला गेली नाही, जाणारही नाही.

आई जानेवारीत कुडाळला परतली आणि मे महिन्यात गेली. मला जाता आलं नाही. शेवटच्या फोनवरसुद्धा तिने विचारलं होतं, "माझ्या तलवारीचा काय झाला?" मी सांगितलं, छान आहे. पुरुषोत्तमरावांनी दिलेलं वाक्य मला तेव्हा फार उपयोगी पडलं.

पुण्याला न्यायच्या परवान्यांची यातायात नको म्हणून तलवार आता नावनला डेक्लनकडे, त्यांच्या संग्रहात राहणार आहे. तिच्याबरोबर पुरुषोत्तमरावांनी ठेवलेली तिची नोंदवहीही गेली. तीत सहीवर कागद ठेवून घेतलेला ठसा, आणि खाली पुरुषोत्तमरावांच्या अक्षरात नोंद: दुसरं अक्षर चिंचेने उजळलं, ओंगार, ऑक्टोबर २०२०, हात विजयालक्ष्मी यांचा. डेक्लननी मला परवा फोन करून विचारलं, "हा विजयालक्ष्मी कुठल्या घराण्याचा कारागीर?" डेक्लन, लिहून घ्या. कुडाळ घराणं.

पण पुरुषोत्तमराव, ती नोंद अपुरी आहे. तुम्ही कौतुकाने सगळ्यांना सांगता, पंच्याहत्तरीच्या बाईंनी ती खुंटी काढली कशी! तिने नाही काढली हो. तेल लावायला मूठ मी काढली होती, आणि मीटिंगची वेळ झाली म्हणून तलवार तशीच टेबलावर टाकून गेले. जरा सावरल्यावर तुम्ही बिनवरून विचारलंत, "उघडली कुणी?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "मी." आणि मी गप्प बसले. वर्षभर गप्प बसले, तिच्या माघारीसुद्धा. तुम्ही तिला माफ केलंत, पण ती माफी माझ्या वाट्याची होती.

मंडळाने मला बोलायची संधी दिली, अध्यक्षांनी पाच मिनिटांची दहा होऊ दिली, सर्वांचे मनापासून आभार. पुरुषोत्तमराव, संध्याताई, पुण्यात सुखाने राहा, आणि आधी एक चांगली सुरी घ्या.

शेवटी वक्त्याने चुकलंमाकलं माफ करा म्हणायची रीत आहे. मी म्हणणार नाही. डेक्लन, वही आणली आहे ना? पुरुषोत्तमराव, हे घ्या पेन. माझी चूक माफ करू नका, आईच्या नावाशेजारी लिहून ठेवा.