तिसरा कौल

मंडळी, ऐका. आधी एक प्रश्न, मग कथा. देवाने सांगितलेलं ऐकायचंच नसेल, तर त्याला विचारायला जायचं कशाला? माना डोलवू नका. आमच्या आप्पा तळवणेकरांनीही अशीच मान डोलवली असती.

आप्पांचं बाजारात किराण्याचं दुकान. साखरेचा आजार जुना – पण गडी हुशार! रक्त तपासायच्या आधीचा आठवडा नुसती पेज आणि कारल्याची भाजी. आकडा चांगला आला, की त्याच संध्याकाळी गुळाचं खाजं! हसताय? हसा, ओळखीचं वाटलं असेल.

यंदा डॉक्टर शर्वरीने आणखी एक तपासणी केली. म्हणाली, "आप्पा, हृदयावर ताण आला की ते रक्तात एक द्रव्य सोडतं. तुमच्या रक्तात ते जास्त सापडलंय."

"पण माझ्या छातीत काही दुखत नाही."

"म्हणूनच आत्ता सांगते. साखर जुनी असली की हृदय बिघडण्याचा धोका असतोच, तुम्हाला तो इतरांहून जास्त दिसतोय. हृदयाची टू-डी इको तपासणी करू, औषध सुरू करू. अजून वेळ आहे."

अजून वेळ आहे! यापेक्षा गोड शब्द कुठला हो? पण आप्पा उठले ते थेट रवळनाथाच्या देवळात. कशाला? कौल लावायला! पाषाणाला दोन बाजूंना फुलांचे दोन कळे चिकटवायचे – उजवा पडला तर होय, डावा पडला तर नाही. बाबल गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, आप्पांका काय झालेला नाय, ह्या खरा आसात तर उजवो कळो दी."

"व्हय म्हाराजा," आप्पाच सगळ्यांच्या आधी म्हणाले.

डावा पडला.

"कळो ओलो होतो," आप्पा म्हणाले. "परत लाव."

परत डावा. मग फुलंच बदला! देव तिथे उभा आहे, दोनदा सांगून झालंय, आणि हा माणूस फुलांना नावं ठेवतोय. काय म्हणावं? तिसऱ्यांदा उजवा पडला. आप्पा खूश! नारळ फोडला, खोबरं वाटलं. अहो, तुमचं रक्त कोणी घडवलं? त्या रक्तातून त्याने निरोप धाडला, तो तुम्हाला चालेना. पाषाणावरून दोनदा धाडला, तोही चालेना. तिसरा तेवढा देवाचा, होय ना?

मालिनीकाकू, म्हणजे आप्पांची बायको, खांबाशी उभी होती. खोबरं तिने हातात घेतलं नाही. पुढे आली.

"बाबल, आता माझो कौल लाव."

"काय इचारू, काकू?"

"ह्यांच्या मागे माका एकटीक रवाचा लागतला काय, तेवडा इचार. म्हणजे मी आतापासून सवय करतंय."

गुरवाने कळे लावले, गाऱ्हाणं घातलं. "व्हय म्हाराजा" म्हणायला कोणी तयार होईना. शेवटी काकूच म्हणाली.

आणि उजवा कळा हलला. मघाशी ज्याच्यासाठी नारळ फोडला, तोच! सुटत, सुटत खाली यायला लागला. आणि आप्पा धावले! गाभाऱ्याचा उंबरा ओलांडला, सोवळं-ओवळं काही बघितलं नाही, आणि तो कळा अंगठ्याने पाषाणावर दाबून धरला.

"म्हाराजा, पाडू नको," म्हणाले. "ऐकतंय. मी ऐकतंय."

गुरवाने हळूच त्यांचा हात पाषाणावरून सोडवला, तेव्हा आप्पा मागे वळून बायकोला म्हणाले, "चपला घाल. डॉक्टरणीचो दवाखानो किती वाजेपर्यंत उघडो आसता?"

बायको एकटी पडणार, हे ऐकल्यावर पटलं. स्वतःच्या हृदयाचं ऐकून का नाही पटलं? मला या माणसांचं काही कळत नाही, खरंच कळत नाही!

आणि तुम्ही! मागच्या रांगेत प्रसादाच्या शिऱ्याच्या पातेल्याकडे बघताय ना, तुम्हीच. तुमच्या रक्ताने काय सांगितलंय, ते मला सांगू नका. तुमच्याशेजारी जे माणूस बसलंय, त्याला आत्ता इथे, कानात सांगा. मी थांबतो. टाळ वाजणार नाही, नामाचा गजर होणार नाही. आधी सांगा.