गयाईचा पहारा

मंडळी, ऐका! आज एक अगदी सोपा प्रश्न विचारतो. माणूस जागा आहे हे ओळखायचं कशावरून? — डोळ्यांवरून! डोळे उघडे म्हणजे जागा, मिटले म्हणजे झोपला. बरोबर ना? मग त्या खांबाला टेकलेल्या फेटेवाल्या पाहुण्यांना विचारा बरं, मी आत्ता काय बोललो ते! डोळे सताड उघडे आहेत... नको, नको, हलवू नका त्यांना. बसू द्या. त्यांच्याच भावकीतल्या एकाची कथा सांगायची आहे!

सप्त्याची वीणा तुम्हाला ठाऊक आहे. हरिनामाचा सप्ता बसला की सात दिवस, रात्रंदिवस वीणा उभी राहते. ह्याच्या गळ्यातून त्याच्या गळ्यात. भुईला टेकायची नाही, मुकी व्हायची नाही. ज्याच्या गळ्यात वीणा, त्याचा पहारा. आणि ती घ्यायची रीत काय? — बोला की! — घेणाऱ्यानं आधी वीणेकऱ्याच्या पाया पडायचं. मग तो पाटील असो, पुढारी असो, नाहीतर माझ्यासारखा तोंडपाटीलकी करणारा महाराज असो! ही रीत पदराला बांधून ठेवा. पुढं लागणार आहे.

तर बोरवंड नावाचं गाव. तिथं गयाबाई राहायची. लहानपणी देवी आल्या — त्या रोगाचं नावसुद्धा देवीच, आता बोला! — आणि जाताना दोन्ही डोळे घेऊन गेल्या. गाव हळहळलं. ही मात्र जात्यावर बसून गायची —

देवीनं नेलं डोळं, कान ठेवलं मोकळं,
माझ्या इठूचं पाऊल, मला घरात कळं!

नवरा लवकर गेला. पदरात एक लेक, उद्धव. त्याला मृदंग कुणी शिकवला? ह्या माउलीनं! कणीक मळता मळता परातीवर थाप मारायची, म्हणायची, "हं, उद्धवा, आता तू." त्या परातीतून पोळ्या कशा निघत असतील देव जाणे, पण मृदंगी असा निघाला की शेजारची गावं बोलावणी धाडायची!

एक साल सप्त्याची बैठक बसली. गयाबाई काठी टेकत आली. म्हणाली, "पाटील, औंदा एक पहारा मला द्या. पुढल्या सप्त्याला मी हाय का न्हाई कुणाला ठावं. एकदा तरी वीणा गळ्यात पडू द्या."

भुजंगराव पाटील कमिटीचे अध्यक्ष. ते हसले. अध्यक्ष हसले की कमिटी हसते, हा नियम सगळीकडं आहे! — तुमच्याकडं नसेल हो, मी आपलं बोरवंडचं सांगतो.

"गयाबाई, पहारा म्हणजे राखण. राखणीला डोळे लागतात!"

"राखण कशाची वो पाटील? दानपेटीची असंल, तर डोळसाला उभं करा. नामाची असंल, तर मला."

"अगं, एक तर बाईमाणूस, त्यात विधवा, त्यात आंधळी!"

"तीन झाली," गयाबाई म्हणाली. "चौथं ऱ्हायलं. म्हातारी बी हाय म्हना!"

पहारा काही मिळाला नाही. पण रुसून घरी बसेल तर ती गयाबाई कसली! सप्ता सुरू झाला आणि ही रोज येऊन बसायची. कुठं? — बायकांत, पार मागं, चपलांजवळ. कान वीणेकडं.

एके दिवशी दुपारची पंगत उठली. पुरी, वांग्याची भाजी, वर बुंदी! तो दुपारचा पहारा खुद्द भुजंगरावांनी घेतला. वीणा गळ्यात, पाठ खांबाला, पोट तृप्त. राम कृष्ण हरी... राम कृष्ण... राम... आणि पुढं नुसताच घर्रर्र!

तार थांबली. वीणा मुकी झाली, मंडळी! मांडवात माणसं किती तरी होती, सगळ्यांना डोळे होते. कुणाला कळलं? — मागं बसलेल्या आंधळीला! ती उठली. पण जायचं कुठं? रोज त्या तारेच्या आवाजावर वीणेचा ठाव लागायचा, आणि तारच थांबलेली. मग ती खांबापर्यंत पोचली कशी?

अहो, पाटलांच्या घोरण्याचा माग काढत!

चाचपडत त्यांचे पाय धरले. नमस्कार केला, रीत मोडली नाही! हलक्या हातानं वीणा काढली, आपल्या गळ्यात घातली, तार छेडली — राऽम कृष्ण हरी! उन्हातल्या मांडवात गारवा पसरला हो!

पाटील दचकून उठले. छाती चाचपली. "माझी वीणा! माझी वीणा कुठंय?"

"तुमची?" गयाबाई म्हणाली. "सकाळपातुर तर देवाची हुती!"

पाटील लालबुंद. "आण ती इकडं!"

"न्या की. रीत तेवढी करा. पाया पडा आन् न्या."

आता बघा गंमत! हिसकावली तर सप्ता बाटतो. खाली ठेव म्हणावं तर वीणा भुईला टेकते. आणि पाया पडावं, तर मान वाकत नाही! पाटील गरजले, "उद्धवा, आईला समजाव! नाहीतर उद्यापासून तुझा मृदंग बंद!"

उद्धवानं आईकडं पाहिलं. ती बोलली, "उद्धवा, मृदंग वाजवाया हात लागत्यात का कमिटी लागती?"

उद्धवानं मृदंग उचलला आणि आईच्या शेजारी जाऊन बसला. धा!

ऊन कललं. पुढचे पहारेकरी आले, पाटलांच्या तोंडाकडं बघून मागं सरले. म्हातारीचे पाय थरथरू लागले. आवाज बसला. आता पडते का मग, असं सगळे बघत उभे! बघ्यांना काय हो, डोळे असतात!

तेवढ्यात मागून एक बाई उठली. इंदूबाई. पाटलांच्या घरची, त्यांची थोरली सून! सासऱ्यापुढं डोक्यावरचा पदर नीट केला, पण पाऊल नाही थांबवलं. गयाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं, म्हणाली, "आई, द्या माझ्याकडं." मग तिच्यानंतर दुसरी, दुसरीनंतर तिसरी. शेवटच्या दिवशीच्या काल्यापर्यंत वीणा बायकांच्या गळ्यातून फिरली. टेकली नाही, मुकी झाली नाही!

काल्याच्या दिवशी वीणा पुन्हा गयाबाईच्या गळ्यात. नगरप्रदक्षिणेला ती घेऊन पुढं चालायचा मान अध्यक्षांचा. पाटील समोर उभे. सगळं गाव बघतंय. गयाबाई शांतपणे म्हणाली, "पाटील, मान वाकंना तर ऱ्हाऊ द्या. मला काय जड न्हाई."

आणि भुजंगराव वाकले, मंडळी! फेटा त्या भेगाळलेल्या पायांवर टेकला. गयाबाईनं वीणा त्यांच्या गळ्यात घातली, तोंडावरून हात फिरवला आणि कानात एवढंच म्हणाली, "जागं ऱ्हावा, बाबा."

पुढचा सप्ता तिला दिसला... पाहा, जीभ कशी सवयीची! तिला ऐकू आला नाही. पण बोरवंडला दुपारच्या जेवणानंतरचा पहारा आजही बायकांचा असतो. त्याला गयाईचा पहारा म्हणतात. पाटलांच्या घरचेसुद्धा तेच नाव घेतात.

आता तुमच्याकडं वळतो. मला इथं येताना सांगितलं होतं, "महाराज, गोड बोला. बायकांच्या वीणेचा विषय आमच्या गावात काढू नका, रीत नाही." काढला! माझं बिदागीचं पाकीट हवं तर परत घ्या, शब्द परत घ्यायचा नाही. रीत एकच, घेणाऱ्यानं वाकायचं. कोणी घ्यायची ते देवानं सांगितलेलं नाही, तुम्ही सांगितलंय!

आरतीचं ताट तयार आहे, दिसतंय मला. पण आरती आत्ता व्हायची नाही. तिकडं चपलांजवळ बसलेल्या माय, तुम्हीच हो, मघापासून तुमचे ओठ नामात हलताहेत. या पुढं. वीणेकरीबुवा, सरळ उभे राहा. त्या तुमच्या पाया पडतील.

काठी धरा कुणीतरी त्यांची. मी थांबलोय.