उपासाची चक्कर

मालिनी: थांब मधू. आत्ता काय लिहिलंस ते?

मधू: कुठं काकू?

मालिनी: माझ्या नावापुढं. पूर्वीचा आजार विचारलाय, तिथं.

मधू: निल. म्हणजे काही नाही. काकांनी सांगितलं तसं लिहिलं.

मालिनी: खोड ते.

विष्णुपंत: अगं, त्याला फॉर्म भरू दे. चारच्या आत उल्हासनगरला पोचायचंय त्याला. तू पोह्यांचं बघ.

मालिनी: पोहे होतील. त्या मेडिक्लेमच्या कागदावर खाली माझीही सही आहे ना? मग कशाखाली सही करतेय ते मला कळलं पाहिजे.

मधू: काकू, टेन्शन नका घेऊ. सगळे असाच भरतात. बीपी, शुगर, काय पण लिहायचं नाय. लिहिलं की साहेब लोक दहा सवाल काढतात, पॉलिसी लटकते. उद्या काय वांदा झाला तर मी बसलोय ना इकडं.

मालिनी: दौलतरावांच्या वेळी कुठं बसला होतास?

मधू: देवाशप्पथ काकू, ती पॉलिसी माझी नव्हती. दुसऱ्या एजंटची.

मालिनी: कुणाची का असेना. बीपी होतं, तरी निल लिहिलं. पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा नर्सनं सहज विचारलं, तुमच्या मिस्टरांना बीपी कधीपासून? सुनेत्रावहिनी बिचाऱ्या सरळ सांगून बसल्या, दहा वर्षं झाली. ते हॉस्पिटलच्या कागदावर चढलं आणि कंपनीनं हात वर केले. वहिनी अजून रडतात, म्हणे माझ्याच तोंडानं घात केला. खोटं लिहिलं एजंटानं आणि बोल लावून घेतला बाईनं!

विष्णुपंत: त्यांना बीपी होतं. तुला काय होतं? चक्कर येते. चक्कर म्हणजे काही आजार नव्हे.

मालिनी: चक्कर! मधू, तू भगवंतरावांचा मुलगा, परका नाहीस. लग्नाच्या पहिल्याच वर्षी यांच्या कारखान्याच्या स्नेहसंमेलनात मी पडले. हातपाय वाकडे, तोंडाला फेस. सगळ्या बायका जमल्या. हे म्हणाले, उपास आहे तिचा, चक्कर आली. तेव्हापासून बावीस वर्षं मी पडले की उपास! अरे, ऐन दिवाळीतसुद्धा उपास! मी जन्मात केले नसतील इतके उपास यांनी लोकांना सांगितलेत.

मधू: खरंच की. बाबा नेहमी म्हणतात, मालिनीवहिनी फार कडक उपास करतात.

विष्णुपंत: तुझी लाज राखली मी.

मालिनी: मला कुठं वाटत होती लाज? आधी आईनं शिकवली. तुम्ही बघायला आलात तेव्हा म्हणाली, त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. मग तुम्ही शिकवलीत.

मधू: म्हणजे काकू, तुम्हाला फिट येते?

मालिनी: फिट येते. बघ, किती सोपं आहे बोलायला. रोज दोन गोळ्या घेते. तीन वर्षांत एकदाही आली नाही.

विष्णुपंत: हळू बोल. जिन्यात माणसं आहेत. आणि हा पालेगावपासून बदलापूरपर्यंत घरोघर फिरणारा माणूस. रविवारी वृंदाला बघायला येतायत, तेवढं तरी ध्यानात ठेव.

मधू: काका, मी कोणाला नाय बोलणार.

मालिनी: बोल की. नाहीतरी रविवारी मीच सांगणार आहे त्यांना.

विष्णुपंत: मालिनी!

मालिनी: सांगणार. वृंदाला आजवर कधी काही झालेलं नाही, तेही सांगणार. मग जायचं तर जाऊ देत उठून. सासरी बसून माझ्या पोरीनं आईचे खोटे उपास सांगायचे नाहीत.

विष्णुपंत: आणि पॉलिसी नाकारली तर? कारखान्याला टाळं लागलं, तिथला दवाखानाही गेला. उद्या तुला ॲडमिट करायची वेळ आली तर मी काय करू? कुणाकडं जाऊ? भीती वाटते गं मला.

मालिनी: मधू, खरं लिहिलं तर काय होईल ते सांग. गोड बोलू नकोस.

मधू: डॉक्टरचं सर्टिफिकेट मागतील. फिटचा खर्च देणार नाहीत. बाकी टायफॉइड, ऑपरेशन, ते मिळायला पाहिजे. आता नाकारली तर नाकारली, ते आपल्या हातात नाय.

मालिनी: आणि निल ठेवलं तर?

मधू: पॉलिसी लगेच होईल. पण पडून हाड मोडलं तरी बोलतील, फिटनंच पडल्या, लपवलं होतं. सगळंच जाईल मग.

मालिनी: ऐकलंत? बावीस वर्षं मी मोरीची कडी लावली नाही. शेगडीपाशी एकटी उभी राहिले नाही. तुम्ही सांगितलं ते सगळं पाळलं. पण त्याचं नाव घ्यायचं नाही, हे आजपासून पाळणार नाही. दे ते पेन.

(मालिनी 'निल'वर आडवी रेघ मारते आणि शेजारी सही करते.)

मालिनी: हं. लिही आता, फिट येते.

मधू: काकू, फॉर्म इंग्लिशमध्ये आहे. फिट लिहिलं तर साहेब समजेल, बाई एकदम ठणठणीत.

मालिनी: मग डॉक्टर लोकांचा शब्द लिही.

मधू: तो ऐकलाय, पण स्पेलिंग नाय येत.

मालिनी: थांब, डॉक्टरांची चिठ्ठी आणते.

विष्णुपंत: चिठ्ठी नको. बस तू.

मालिनी: अजून अडवताय?

विष्णुपंत: त्यांचं अक्षर लागायचं नाही त्याला. मधू, पेन घे. ई, पी, आय, एल. पुढं पुन्हा ई. घाई करू नकोस, नीट लिही.