सरळ रेघ

मुलगा: आई, ती बॅग आधी खाली ठेव. तू कुठेही जाणार नाहीयेस.

आई: खाली ठेवली की उचलताना पुन्हा गुडघे वाकवावे लागतात. बोल असंच, काय बोलायचंय ते.

मुलगा: ताईचं घर काय शेजारच्या गल्लीत आहे?

आई: तीन तासांचं अंतर. तूच म्हणाला होतास.

मुलगा: अगं, ते वेबसाइटवरचं. तिचा विमानतळ टाकायचा, आपला टाकायचा, की अंतर आणि वेळ येते. ते लोक समुद्रावरून सरळ रेघ मारून मोकळे होतात. त्या रेघेवरून विमान जातच नाही! हेही बेट, तेही बेट. मूठभर माणसांसाठी विमान कोण सोडणार?

आई: मग माणसं जातात कशी?

मुलगा: आधी इथून मोठ्या शहरात. ते विमान रोज नसतं, आणि वारा सुटला की तेही रद्द. तिथे रात्र खुर्चीवर काढायची. मग दुसरं शहर, तिथे पुन्हा ताटकळायचं, आणि मग ते टीचभर विमान. सगळं नीट जुळलं तरी तीन दिवस धर.

आई: तीन दिवस.

मुलगा: हो! आणि तुझे गुडघे हे असे.

आई: हे तुला कळलं कधी?

मुलगा: काल. तुझं तिकीट रद्द करायला गेलो होतो, तेव्हा एजंटाने सांगितलं.

आई: माझं तिकीट? मला न विचारता?

मुलगा: नाही केलं रद्द. तुम्ही काढलेलं नाही, म्हणाला.

आई: शहाणा आहे. बरं, बाबा गेले तेव्हा ताईला फोन कोणी केला?

मुलगा: मी. आई, तो विषय आत्ता नको.

आई: तोच विषय आहे. तिसऱ्या दिवशी पोचली पोरगी. याच दारात उभी होती, पाय सुजलेले, डोळे सुजलेले. आणि तू सगळ्या नातेवाइकांसमोर मोबाइल तिच्या तोंडापुढे नाचवलास. "तीन तासांची वाट, ताई. तीन दिवस कुठे होतीस?"

मुलगा: मला तेव्हा काय माहीत!

आई: विचारायचं होतंस.

मुलगा: तिनेही सांगायचं ना.

आई: बाप गेलेली मुलगी दारात उभी राहून विमानांच्या वेळा सांगेल? पाणीसुद्धा न पिता परत गेली. तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. आता आहे.

(मुलगा खिशातून मोबाइल काढतो.)

मुलगा: मी तिला फोन करतो. माफी मागतो. पण तू जाऊ नकोस.

आई: अपमान फोनवर केला होतास का?

मुलगा: अगं, खरंच झेपणार नाही तुला.

आई: नाही झेपलं तर बसेन. खुर्च्या आहेत म्हणालास ना? हो बाजूला. टॅक्सी येईल.

मुलगा: दे ती बॅग इकडे.

आई: अडवू नकोस हं मला.

मुलगा: अडवत नाहीये. त्या टीचभर विमानात अजून एक जागा असेल का?

आई: एजंटाला विचार. मोबाइलला नको.

मुलगा: आणि तिने दारच उघडलं नाही तर?

आई: तर आल्या पावली परत फिरू. तीही फिरलीच ना.