फिटिंग माझ्याकडे असायची

— नाही वहिनी, बॅटरी नाही. पहिला संशय तिच्यावरच जातो, माझाही गेला — पण मी ती काढून बाजूला ठेवली, लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालवला, तरी मघाशी बंद पडून बसलाच ना? सतरा मिनिटं. घड्याळ लावून मोजलीत. तुम्ही बसा, त्या खुर्चीवरचा प्रिंटर खाली ठेवा आणि बसा. दादाला माहितीये तुम्ही इथं आलात ते? बरं, बरं, नाही विचारत. भाऊ नाही तर नाही, भावजय तरी दोन वर्षांनी दुकानाची पायरी चढली, तेच पुष्कळ झालं.

खालच्या छोट्या झाकणातून रॅम बदलून पाहिली, चार्जर दुसरा लावला. तापतोय, पण बेताचाच, पंखाही फिरतोय. आठ वर्षांचा लॅपटॉप म्हणजे म्हाताराच की — माणूसही त्या वयात बोलता बोलता डुलकी काढतो. पण म्हाताऱ्याची डुलकी कधीही लागते, हा मात्र ठरल्या वेळी बसतो, गरम झाला की बसतो, आणि पंधरा मिनिटं गार होऊ दिला की साळसूदासारखा सुरू. म्हणजे आत कुठंतरी काहीतरी कशाला तरी टेकतंय. उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. — दोन वर्षं घरात पडून होता, आणि आता काढला तो वर्गात? चाळीस मुलांसमोर? मग हसणारच हो मुलं. दुरुस्ती शिकवणाऱ्या मास्तरांचाच लॅपटॉप रोज मान टाकतो म्हटल्यावर दुसरं काय करतील. आणि या महिनाअखेरीला ते संस्थेवाले ठरवणार, दादाला ठेवायचं की नाही? तरीच तुम्ही आलात. पण मला एक कळत नाही, त्यानं स्वतः का नाही उघडला? अख्खं आयुष्य यात गेलं त्याचं, मला पहिला स्क्रूड्रायव्हर त्यानं धरायला शिकवला —

काय म्हणालात? हत्यार हातातच घेत नाही? वर्गातही नुसतं फळ्यावर शिकवतो? दोन वर्षं? बल्बसुद्धा शेजाऱ्याकडून बसवून घेतो?

हे बघा, माझ्याकडे असं बघू नका. मी काय उगाच बोललो होतो का? कामं परत यायला लागली होती. एका महिन्यात पाच मशीन, वहिनी, पाच, आणि पाचांची एकच रड — दुरुस्त करून नेलं, चार दिवस चाललं, आता चालता चालता बंद पडतं. पाचही दादाच्या टेबलावरची. डोळ्यांना त्याच्या कमी दिसायला लागलंच होतं, खोटं कशाला बोलू. गिऱ्हाइक माझ्या अंगावर येतं, त्याच्या नाही, काउंटरला मी असतो. तर एकदा सहा-सात माणसं उभी होती आणि मी बोलून गेलो. दादा, तुझा हात गेला आता, तू घरी बस. एवढंच. ते चारचौघांत बोलायला नको होतं, मान्य आहे मला, पण तोही काहीतरी बोलायचा ना — भांडायचा, शिवी द्यायचा. नाही. दोन्ही हात पुढं धरून त्या हातांकडेच नुसता बघत राहिला. मग टेबल पुसलं, हत्यारं जागच्या जागी लावली, आणि गेला. हत्यारं इथंच आहेत. मी हात नाही लावत त्यांना.

आता हे मोठं झाकण — हे बघा, सील शाबूत आहे. आमची रीतच होती, ज्यानं मशीन फिट केलं त्यानं कागदाचं सील लावायचं आणि वर तारीख टाकायची. तारीख बघा, तो गेला त्याच्या आदल्याच आठवड्यातली. म्हणजे त्यानं याचा पंखा बदलला होता तेव्हाची. त्यानंतर कुणीच उघडलेला नाही.

तुम्हाला त्याची पद्धत माहितीये ना? घरीही तसंच करत असेल. आधी पुठ्ठ्यावर मशीनचं चित्र काढायचं, मग जिथला स्क्रू निघाला तिथंच पुठ्ठ्यात खोचून ठेवायचा. मी चेष्टा करायचो, म्हणायचो दादा, तू दुरुस्ती करतोस की भरतकाम? तास जायचा त्याचा त्यात. रोग शोधायचा, पार्ट बदलायचा, की पुढच्या मशीनला लागायचा. फिटिंग माझ्याकडे. मला कुठला एवढा धीर — मी पुठ्ठा उचलून चुंबकाच्या वाटीत झटकायचो, सगळे स्क्रू एकात, आणि हाताला येईल तो बसवत सुटायचो. स्क्रू म्हणजे स्क्रू, भोकात गेला की झालं. एकेका मशीनमागं वीस मिनिटं वाचायची माझी. मीच तर म्हणायचो त्याला, की मी आहे म्हणून हे दुकान —

थांबा. हा का एवढा फिरतोय? इथं इवलासा असतो, दोन-तीन आट्यांत सुटतो. हा येतोच आहे, येतोच आहे — दुप्पट लांब आहे. बॅटरीजवळचा स्क्रू इथं कसा आला? हे बघा, बोर्डात टोचलाय. तांब्याची रेघ गेलीय ना इथून, तिच्या अगदी कडेला. गार असतो तोवर लागत नाही, तापून बोर्ड जरासा हलला की टोक लागतं, आणि मशीन बसतं. असं आहे तर. सापडला रोग. बघा, मी म्हणत होतो ना, दादाचा हात —

काय? सील कुणाचं? — अक्षर माझंय. हो, माझंच. सील मीच लावायचो, सांगितलं ना आत्ता, फिटिंग माझ्याकडे —



पाचही. पाचही मशीनची फिटिंग माझी होती, वहिनी.

एक मिनिट. त्या वाटीतला छोटा स्क्रू द्या इकडे. राहू दे, राहू दे.

झालं. छोटा स्क्रू बसवला, खाली टेप लावली. सुरू आहे. वीस मिनिटं झाली बघा, पंचवीस झाली, हलला नाही. आता वर्गात कुणी हसणार नाही. तुम्ही असं करा — दादाला सांगा की धूळ होती. पंख्यात धूळ साचली होती, एका दुकानात साफ करून घेतली. माझं नाव नको. मागचं कशाला उकरायचं? त्याला काम लागलंय, लॅपटॉप चालतोय, मग झालं ना. माणसाचा हात वयानं जातोच कधीतरी, आज ना उद्या —

तो स्क्रू कुठंय? आत्ता इथं झाकणात ठेवला होता. वहिनी, मूठ उघडा. उघडा ना. त्याच्या हातावर ठेवलात तर एक शब्द सांगावा लागायचा नाही तुम्हाला. नखाला लावून मापेल, कुठून निघाला तेवढं विचारेल, आणि त्याला सगळं कळेल, पाचांचंही कळेल. दोन वर्षं तो आपलेच हात बघत बसलाय आणि मी इथं — नाही, मी येऊन सांगावं, असं नका म्हणू. माझ्याच्यानं नाही व्हायचं. त्याच्यासमोर उभं राहायला तोंड नाही मला.

न्या. न्या तो, खरंच न्या. आणि त्या कपाटातली त्याची हत्यारंही घ्या, ती पिशवी आहे बघा. मी नाही काढून देणार, तुम्हीच काढा. चार्जर घेतलात ना? मग जा आता. बोलू नका काही, जा. आणि जाताना दार ओढून घ्या, आज मला कुणी गिऱ्हाइक नको.